बेटाची वाट

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूमीस बेट म्हणतात, ही व्याख्या भूगोलाच्या पुस्तकातून आपण सर्वजण पाठ करतो. परंतु बेटावर राहणाऱ्या माणसाला या व्याख्येचा अर्थ निराळाच उमगलेला असतो. त्याच्या गावाला पायवाट जात नाही, गाडीवाट जात नाही आणि एस.टी.ही जात नाही. घरात मीठ संपले, कोणी आजारी पडले किंवा मुलाला वरच्या वर्गात घालावयाचे झाले, म्हणजे त्याला एकच वाट उरते; ती म्हणजे पाण्याची वाट. ही वाट कोणी खडी टाकून बांधलेली नसते. ती रोज नव्याने कापावी लागते आणि ती कापणारे वाहन म्हणजे बोट.

सोलापूरसारख्या पठारावरील जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांनी समुद्र पाहिलेला नसतो. सोलापुराहून मुंबई लोहमार्गाने सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर आहे. तथापि आपला नि जलप्रवासाचा काहीच संबंध नाही, असे मात्र समजू नये. पंढरपुरास चंद्रभागेच्या पात्रात होड्या चालतात आणि वारकरी त्यांत बसून विष्णुपदास जातात. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला निघाले, ते मुंबई बंदरातून बोटीनेच. भीमा नदीवर उजनी येथे धरण झाले व १९८० साली ते पूर्ण झाले. त्याचे पाणी मैलोगणती पसरले. जुने रस्ते पाण्याखाली गेले, समोरासमोरची गावे एकमेकांपासून दुरावली आणि करमाळा तालुक्यातील माणसे पलीकडे इंदापूर तालुक्यात जाण्यासाठी होडीत बसू लागली. अशा रीतीने समुद्र आपल्याकडे आला नाही, तरी पाण्याची वाट मात्र आली.

म्हणूनच बोट तरते कशी आणि बुडते कशी, हे सोलापूरच्या मुलानेही समजून घेतले पाहिजे.

प्रथम आपण एका बेटाचीच ओळख करून घेऊ. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून सुमारे दहा-अकरा किलोमीटरांवर घारापुरी हे लहानसे बेट आहे. ते रायगड जिल्ह्यात मोडते. तेथील डोंगरात कोरलेली लेणी जगप्रसिद्ध असून १९८७ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. मुख्य लेण्यातील सुमारे वीस फूट उंचीची शिवाची त्रिमुख मूर्ती पाहताना माणूस क्षणभर स्तब्ध होतो. पोर्तुगीज लोक या बेटावर आले, तेव्हा त्यांना तेथे दगडाचा एक प्रचंड हत्ती दिसला. त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा असे नाव दिले. तो हत्ती आता मुंबईस जिजामाता उद्यानात आहे.

लेणी पाहण्यास येणारा प्रवासी सायंकाळी परत जातो. पण शेतबंदर, राजबंदर व मोराबंदर या तीन वाड्यांतील लोक बेटावरच राहतात. पलीकडच्या काठावर मुंबईचे असंख्य दिवे रात्रभर लखलखत असताना या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या अंधार होता. समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून २०१८ साली तेथे कायमची वीज पोहोचविण्यात आली. वीज तारेतून आली. परंतु माणसांना आजही लाँचमधूनच जावे-यावे लागते. गेटवेपासून घारापुरीपर्यंत जाण्यास साधारण एक तास लागतो. या तासाभरात प्रवाशाच्या पायांखाली एक फळी, तिच्याखाली बोटीचा तळ आणि त्याखाली अथांग पाणी असते. मग त्या पाण्यावर इतके ओझे तरते तरी कसे?

या प्रश्नाचे उत्तर सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एका बेटावरील विद्वानानेच शोधून काढले. युरोप व आफ्रिका या खंडांमध्ये भूमध्य समुद्र आहे. त्या समुद्रातील सिसिली नावाच्या मोठ्या बेटावर सिराक्यूज हे नगर आहे. तेथे आर्किमिडीज हा गणितज्ञ राहत असे. त्याने असा नियम सांगितला, की पाण्यात ठेवलेला पदार्थ जितके पाणी बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी त्या पदार्थाला वर उचलते.

हा नियम समजण्यासाठी घरच्या घरी एक प्रयोग करून पाहा. पाण्याने भरलेल्या मोठ्या टोपात किंवा घंगाळात एक लोखंडी खिळा टाका. तो तत्काळ तळाशी जाईल. आता खिळ्याहून कितीतरी जड असे लोखंडी घमेले घेऊन ते हौदातील पाण्यावर अलगद ठेवा. ते तरंगेल. लोखंड तेच, मग फरक कोठे पडला? खिळा आपल्या लहानशा आकाराएवढेच पाणी सारतो आणि त्या पाण्याचे वजन खिळ्याच्या वजनापेक्षा पुष्कळ कमी भरते. घमेले आतून पोकळ असल्यामुळे ते थोडेसे बुडताच आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते आणि तेथेच स्थिर होते. हजारो टन वजनाचे लोखंडी जहाज समुद्रावर तरंगते, तेही एक प्रचंड घमेलेच होय.

आता त्या घमेल्यात एकेक दगड हलकेच ठेवीत जा. प्रत्येक दगडाबरोबर घमेले थोडे खाली जाते आणि पाणी त्याच्या काठाकडे थोडे वर सरकते. शेवटी अशी वेळ येते, की घमेले भरलेले असूनही तरंगत असते, परंतु काठ पाण्याच्या अगदी जवळ आलेला असतो. या क्षणी हौदात हाताने लहानशी लाट उठवा. पाणी काठावरून आत शिरेल. आत शिरलेले पाणी हे स्वतःच एक ओझे असते. त्यामुळे घमेले आणखी खाली जाते, आणखी पाणी आत येते, आणि पाहता पाहता ते तळ गाठते.

पाण्याच्या वर राहिलेल्या या काठाला फार महत्त्व आहे. समजा, एखादी होडी आठ मीटर लांब व दीड मीटर रुंद आहे. म्हणजे तिने पाण्याचा सुमारे बारा चौरस मीटर भाग व्यापला. तीत साठ किलो वजनाची बारा माणसे अधिक चढली, तर सातशेवीस किलो भार वाढला. हिशेब केल्यास होडी केवळ सहा सेंटीमीटर खाली गेली असे दिसेल. सहा सेंटीमीटर म्हणजे चार बोटांच्या रुंदीहूनही कमी. काठावर उभे राहून पाहणाऱ्यास हा फरक जाणवतही नाही आणि म्हणून ‘अजून दोघे बसा, काही होत नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. शांत पाण्यावर खरोखरच काही होत नाही. परंतु वारा सुटला, म्हणजे जी लाट एरवी काठाच्या खालून निघून गेली असती, ती त्या चार बोटांच्या फरकामुळे आत येते. ओझ्याची परीक्षा घाटावर होत नाही, ती पाण्याच्या मध्यावर होते. आणि तेथे उतरून जाण्याची सोय नसते.

ही गोष्ट जगाला फार किंमत देऊन शिकावी लागली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काही लोभी जहाजमालक जुनी जहाजे मालाने खच्चून भरून समुद्रात लोटीत असत. जहाज बुडाले तरी मालकाला विम्याचे पैसे मिळत. प्राण मात्र खलाशांचे जात. सॅम्युएल प्लिमसोल या पार्लमेंटच्या सभासदाने याविरुद्ध चिकाटीने आवाज उठविला. त्याच्या प्रयत्नांमुळे १८७६ साली तेथे कायदा झाला आणि जहाजाच्या बाजूवर भाररेषा रंगविणे सक्तीचे झाले. ही रेषा पाण्याखाली गेली, की जहाज गरजेपेक्षा अधिक भरले, असे काठावरच्या कोणाही माणसाला नुसत्या डोळ्यांनी कळते. पुढे १९३० साली अनेक राष्ट्रांनी मिळून याविषयी आंतरराष्ट्रीय करार केला.

मोठ्या जहाजावर अशी एकच रेषा नसून अनेक रेषा असतात. याचे कारणही समजण्यासारखे आहे. एक लिटर गोड्या पाण्याचे वजन एक किलो भरते. तर समुद्राच्या खाऱ्या पाण्याचे सुमारे एक किलो पंचवीस ग्रॅम भरते. खारे पाणी जड असल्यामुळे तेच जहाज समुद्रात थोडे वर तरते आणि नदीच्या मुखात शिरले की थोडे खाली बसते. म्हणून गोड्या पाण्यासाठी निराळी रेषा, खवळलेल्या हिवाळी समुद्रासाठी निराळी रेषा, अशी व्यवस्था असते.

बोट बुडण्याचे कारण केवळ अधिक ओझे हेच नसते. ते ओझे कोठे ठेवले आहे, हेही पाहावे लागते. मघाच्या घमेल्यातील निम्मे दगड काढून उरलेले सर्व एका बाजूला सारा. भार कमी असूनही घमेले कलंडेल. तसेच दगड तळाशी न ठेवता उंच डब्यावर रचले, तर थोड्याशा धक्क्यानेही ते उलटेल. म्हणूनच जड सामान बोटीच्या तळाशी ठेवतात आणि जाणता तांडेल प्रवाशांना बसून राहण्यास सांगतो. माणूस उभा राहिला, की ओझे तेवढेच राहते, पण ते वर चढते. बोट एका अंगास कलली असता सर्वजण घाबरून एकाच बाजूस धावले, तर त्या बोटीला सावरण्याची संधीच उरत नाही.

आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात याची एक हृदयद्रावक आठवण आहे. रेल्वे नव्हती व रस्ते तुटपुंजे होते, अशा काळात कोकणातील माणसांचा मुंबईशी संबंध आगबोटींनी जोडलेला होता. कोळशाच्या आगीने पाण्याची वाफ करून चालणारी, म्हणून ती आगबोट. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती गोव्याकडे जाई. पुष्कळ बंदरांत धक्का नसल्यामुळे आगबोट दूर पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावात बसून किनाऱ्यास यावे लागे. लांबच्या या फेऱ्या पावसाळ्यात बंद ठेवीत. परंतु मुंबईहून समोरच्या रेवस बंदराला जाण्याचा मार्ग जवळचा असल्यामुळे त्या फेऱ्या चालू असत.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी ‘रामदास’ नावाची आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. एकोणिसाव्या शतकात भाऊ अजिंक्य यांनी बांधलेल्या धक्क्यामुळे हे नाव रूढ झाले आहे. आषाढातील अमावास्येचा तो दिवस. गावाकडे निघालेल्या सातशेहून अधिक माणसांनी बोट भरलेली होती. बंदर मागे पडले आणि वारा व पाऊस यांनी जोर धरला. काश्याच्या खडकाजवळ लाटांच्या तडाख्याने बोट एका बाजूला कलली. भयभीत झालेल्या उतारूंची एकच धावपळ उडाली आणि काही क्षणांतच रामदास उलटून समुद्राच्या तळाशी गेली. सहाशेहून अधिक माणसे मृत्यू पावली. स्वातंत्र्याची पहाट अवघ्या एका महिन्यावर आली होती. ती पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या दुर्घटनेतील आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. रामदासवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. मुंबई डोळ्यांना दिसण्याइतकी जवळ असूनही बोट बुडाल्याची वार्ता तेथे पोहोचण्यास कित्येक तास लागले. तोवर जे काही साहाय्य झाले, ते गरीब कोळी बांधवांकडून. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून दिली, होड्या हलक्या केल्या आणि बुडणाऱ्यांना त्यांत ओढून घेतले. आपल्या होडीत किती माणसे मावतील, हे त्यांना ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी आधी ओझे उतरविले आणि मग माणसे घेतली. त्या दिवसाची कमाई गेली, पण अनेकांचे प्राण राहिले.

ज्या भूमध्य समुद्रातील बेटावर आर्किमिडीज राहत होता, त्याच समुद्रात आज बोटींची अखंड ये-जा चालू असते. ग्रीस या देशात वस्ती असलेली बेटे दोनशेहून अधिक आहेत. पिरिअस बंदरातून निघणाऱ्या मोठाल्या बोटी माणसे, मोटारी, भाजीपाला, टपाल असे सर्व काही बेटांवर पोहोचवितात. तेथील मुलांना बोट म्हणजे आपल्याकडील एस.टी.सारखीच. परंतु इतक्या अनुभवी देशातही हलगर्जीपणाला क्षमा नाही. २६ सप्टेंबर २००० रोजी ‘एक्सप्रेस सामिना’ ही बोट पारोस बेटाजवळ खडकावर आदळली आणि सुमारे ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली. बोटीवरील अधिकाऱ्यांचे समोर लक्ष नव्हते. शिवाय आणखी एक चूक झाली होती. बांबूला जशी पेरे असतात व एका पेराला भोक पडले तरी पाणी दुसऱ्यात जात नाही, तसे मोठ्या बोटीच्या पोटात भिंती घालून कप्पे केलेले असतात. या भिंतींतील अकरा दारांपैकी नऊ दारे उघडीच ठेवण्यात आली होती. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात शिरत गेले. दारे होती, पण ती लावण्याचे कर्तव्य कोणी केले नव्हते.

या ग्रीस देशाशी आता मुंबईचेही एक नाते जडले आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रायगड जिल्ह्यातील मांडव्यास जाणारी रो-रो बोट सुरू झाली. ही बोट २०१९ साली ग्रीसमध्ये बांधली गेली. हिच्यात मोटार थेट चाकांवर चालत आत शिरते आणि पैलतीरी तशीच बाहेर पडते. शंभराहून अधिक मोटारी व शेकडो प्रवासी ती एका वेळी नेते. रस्त्याने मांडव्यास जावयाचे तर सुमारे एकशेदहा किलोमीटर अंतर व तीन-चार तासांचा वेळ लागतो. समुद्रातून हेच अंतर जेमतेम अठरा किलोमीटर आहे. बोटीचा वेग नॉट या मापाने सांगतात. ताशी एक सागरी मैल, म्हणजे सुमारे एक किलोमीटर आठशेपन्नास मीटर, हा एक नॉट होय. चौदा नॉट वेगाची बोट तासाला जवळजवळ सव्वीस किलोमीटर जाते. मग अठरा किलोमीटरांस किती मिनिटे लागतील, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा.

बोटी सुधारल्या, बिनतारी यंत्रे आली, भाररेषा आल्या. तरी दुर्घटना संपल्या नाहीत. २१ मे २०२४ रोजी आपल्याच जिल्ह्यातील कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. होडीतील सात जणांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले आणि त्यांत दोन लहान बालके होती. त्याच वर्षी १८ डिसेंबर रोजी घारापुरीस जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान नौका येऊन आदळली. त्या अपघातात पंधरा माणसे प्राणास मुकली. आसपासच्या बोटी धावून आल्या, म्हणून इतर पुष्कळांचे प्राण वाचले.

अशा वार्ता ऐकून पाण्याच्या वाटेची धास्ती घेणे योग्य नव्हे. बेटावरच्या माणसाला तर ती धास्ती परवडणारीही नाही. भीतीपेक्षा समज अधिक उपयोगी पडते. बोटीत चढताना काही गोष्टी प्रत्येकाने पाहाव्यात. बोट किती माणसांसाठी आहे, हे विचारावे. अंगात जीवरक्षक जॅकेट घालावे आणि त्याचे पट्टे नीट बांधावेत. बाकाखाली ठेवलेले जॅकेट कोणालाही वाचवीत नाही. ते माणसाला वर कसे धरून ठेवते, हे आता तुम्हांला सांगावयास नको. वजनाला हलके असलेले ते जॅकेट पुष्कळ पाणी बाजूला सारते, एवढेच त्याचे रहस्य. बोटीत नेमून दिलेल्या जागी बसावे, काठावर ओणवे होऊ नये व कोणी हाक मारली म्हणून सर्वांनी एका बाजूस धावू नये. आभाळ भरून आले असता तांडेल ‘आज बोट सुटणार नाही’ असे म्हणाला, तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. त्याला आपल्या कामाचे महत्त्व कळत नाही असे नसते. त्याला पाणी आपल्यापेक्षा अधिक कळते.

आणि सर्वांत कठीण गोष्ट शेवटची. बोट भरलेली दिसली, तर ‘मी पुढच्या फेरीने येईन’ असे म्हणता आले पाहिजे. लग्नाची घाई असते, बाजाराची वेळ टळत असते, सोबतची माणसे हात धरून ओढीत असतात. अशा वेळी मागे राहणाऱ्याला लोक भित्रा म्हणून हसतात. परंतु एक माणूस मागे राहिला, की बोटीचा काठ पाण्यापासून तेवढा वर राहतो आणि त्याचा लाभ त्या बोटीतील प्रत्येकाला मिळतो. पुढची फेरी तासाभराने येते. तो तास काठावर बसून काढणे हे भित्रेपणाचे लक्षण नसून, पाण्याची वाट ओळखणाऱ्या शहाण्या प्रवाशाचे लक्षण आहे.